१२ बाय १४ च्या हॉलला इंटिग्रेटेड की प्री-पॉवर?

कोथरूडच्या फ्लॅटमधला १२ बाय १४ फुटांचा हॉल, ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीचे ८ ओमचे बुकशेल्फ स्पीकर, आजोबांच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी आणि लाखभराचं बजेट. यात इंटिग्रेटेड अँप घ्यावा की प्री (व्हॉल्यूम आणि कुठून ऐकायचं ते ठरवणारा) आणि पॉवर (स्पीकरना ताकद देणारा) वेगवेगळे, असं तुम्ही विचारलंय. इंटिग्रेटेडच घ्या. फक्त मागे प्री-आउट, म्हणजे प्रीचा सिग्नल बाहेर काढायचं सॉकेट, आहे ना, एवढं बघून घ्या.

आधी वॅटचा हिशोब मांडू. तुमचे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ डीबी देतात. तुम्ही बसणार अडीच मीटरवर. अंतरामुळे आवाज घटतो, दोन स्पीकर आणि भिंती मिळून त्यातला काही भरून काढतात. ८२ च्या आसपास धरा. घरात मन लावून ऐकायला सरासरी ७५ भरपूर झाले, म्हणजे बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याच्या थापेला आवाज क्षणभर २० डीबीने उसळला, तर त्या ९५ साठी २० वॅट हवेत. ५० वॅटचा अँप आरामात पुरतो. १०० वॅटचा घेतलात तर वर मिळतात ३ डीबी, एवढेच.

इंटिग्रेटेड म्हणजे तरी काय, प्री आणि पॉवर एकाच डब्यात. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० चॅनेलला २० वॅटचाच होता, पण त्याच्या पाठीमागे प्री-आउट आणि मेन-इन (आतल्या पॉवर अँपचं इनपुट) धातूच्या छोट्या पट्ट्यांनी जोडलेले असत. पट्ट्या काढल्या की बाहेरचा पॉवर अँप लावता येई. तीच सोय तुम्ही आज ठेवा. उद्या मोठं घर, जड स्पीकर आले तर पॉवर अँप जोडता येईल आणि आजचा पैसा वाया जाणार नाही.

वेगळे डबे घेताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे गेनचा मेळ, म्हणजे कुठला डबा सिग्नल किती पटीने वाढवतो ते. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो. बऱ्याच पॉवर अँपना पूर्ण ताकदीला एक-दीड व्होल्ट पुरतो. मध्ये प्रीने आणखी गेन दिला की व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या आठ-नऊच्या काट्यापुढे नेताच येत नाही. नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे दोन्ही चॅनेल तिथे नीट जुळत नाहीत, आणि रात्री हळू आवाजात गायक एका बाजूला सरकतो. इंटिग्रेटेडमध्ये हा मेळ बनवणाऱ्यानेच घातलेला असतो.

हमचंही, म्हणजे विजेच्या घरघरीचंही, तसंच. सदाशिव पेठेत राहत असताना मी प्री-पॉवर जोडी घेतली आणि पहिल्याच रात्री तानपुऱ्याखाली ५० हर्ट्झची घरघर. तापकीर गल्लीतून तीनदा नव्या केबल आणल्या, फरक शून्य. दोन महिने गेले. शेवटी टीव्हीची केबलवाल्याची वायर उपसली आणि सगळं शांत झालं! टीव्हीचा आवाज प्रीमध्ये आणला होता, त्या वायरीतून दुसरं अर्थिंग शिरत होतं. अर्थिंगच्या पिनेचा प्रत्येक नवा डबा अशा लूपला (अर्थिंगच्या बंद वळशाला) आणखी एक वाट देतो. कुणी सांगेल, तिसरी पिन काढून टाका. ते कधीही करू नका. आत बिघाड झाला तर बाहेरच्या धातूवर २३० व्होल्ट येतात.

मग वेगळे डबे कधी? स्पीकर ४ ओमचे आणि कमी सेन्सिटिव्ह असतील, दिवाणखाना मोठा असेल, तर जरूर. किंवा टर्नटेबलच्या सुईचं कार्ट्रिज एमसी (मूव्हिंग कॉइल) असेल. ते बहुधा अर्धा मिलिव्होल्टसुद्धा देत नाही, आणि इतका नाजूक सिग्नल मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून जितका लांब तितका बरा. पण त्यालाही वेगळा फोनो स्टेज (सुईचा सिग्नल वाढवणारा छोटा डबा) पुरतो. तुमच्याकडे एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) असेल तर ते ५ मिलिव्होल्टच्या आसपास देतं, इंटिग्रेटेडमधला चांगला फोनो ते सांभाळतो.

वाचलेल्या पैशात स्पीकरना भक्कम स्टँड घ्या, ते भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा. फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घाला, बाल्कनीच्या सरकत्या काचेला जड पडदा लावा. गुळगुळीत टाइल्स आणि काचेत तानपुऱ्याची जवारी नुसती चिरचिरते. तिथे कुठलाही अँप काही करू शकत नाही.

दुकानात जाताना आजोबांची रोजच्या ऐकण्यातली एक एलपी बरोबर न्या. विलंबित ख्यालाची सुरुवात लावा, जिथे फक्त तानपुरा आणि आवाज आहे. दोन अँप ताडताना मोबाइलवरच्या मीटरने दोघांचा आवाज सारखा करून घ्या, कारण एखादा डीबी जास्त असला तरी तोच चांगला वाटतो. मग आवाज अगदी खाली आणा. तानपुऱ्याची चारही तारांची ओळ त्या हळू आवाजातही सुटी ऐकू आली, की तो अँप घरी आणा.