गडचिरोलीकडच्या पोराला स्वतंत्र फिल्म-टीव्ही प्रोड्युसर होता येते का?

येते ना भाऊ, पण कॅमेरा घेतला म्हणजे प्रोड्युसर नाही होत. खरं काम पैसा जमवणं, कथेचे हक्क लेखी घेणं अन् शेवटी माल विकणं. तुमच्याकडं तं वडसा गाव आहे! दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचं बुकिंग तिथूनच चालते, एखाद्या नाटक कंपनीच्या मॅनेजरसोबत सीजनभर फिरा, ॲडव्हान्स, कलाकाराची नाईट (एका प्रयोगाचा पैसा), तिकीट, अवकाळी पाऊस आला तं नुकसान कोणाच्या माथी, सगळं दिसते. मग मुंबईत सिरीयलच्या प्रॉडक्शनमध्ये घुसा, तिथं चॅनल पैसा देते पण हक्क बहुतेक त्याचेच राहतात. अन् सरकारी सबसिडीच्या भरवशावर वावर गहाण नका ठेवू बाप्पा, सबसिडी पिक्चर पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, सरकारी परीक्षणात पिक्चर पास झाला तरच मिळते.