अर्ज नेमका, नमुना पक्का

प्रश्न : लॅटिन अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीतले तरुण ऊठसूट 'एस्कासू करारा'चा हवाला देतात. त्यातून त्यांच्या हाती नेमकं काय पडतं?

हा करार लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या ३३ देशांसाठी खुला आहे. तो ४ मार्च २०१८ रोजी कोस्टा रिकातल्या एस्कासूमध्ये स्वीकारला गेला आणि २२ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. पर्यावरणाच्या बाबतीत माहिती मिळवणं, निर्णयप्रक्रियेत भाग घेणं आणि न्याय मागणं हे तीन हक्क त्याच्या गाभ्याशी आहेत. नववं कलम त्यापुढे जाऊन पर्यावरणासाठी लढणाऱ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकतं. जगातल्या कुठल्याही करारात अशी तरतूद त्याआधी नव्हती.

मात्र सही आणि मंजुरी यांत गल्लत करू नये. नुसत्या सहीने देश बांधला जात नाही. ज्या कोस्टा रिकात करार स्वीकारला गेला, तिथल्याच संसदेत २०२३ मध्ये मंजुरीचा प्रस्ताव बासनात गेला! त्यामुळे तिथल्या तरुणांनी आपला देश करारात आहे का, हे आधी तपासायचं. कराराच्या अंमलबजावणी समितीकडे सामान्य माणूसही दाद मागू शकतो, पण ही समिती म्हणजे कोर्ट नव्हे आणि ती दंड ठोठावत नाही. देशातलं अपील अर्धवट सोडून थेट तिच्याकडे धावण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : माहितीचा अर्ज केला की कायम गुळमुळीत उत्तर येतं. अर्ज कसा लिहावा?

'नदीच्या प्रदूषणाची माहिती द्यावी' असं लिहिलंत तर तसंच उत्तर येणार. माहिती मागू नका, कागद मागा. अमुक कारखान्याच्या परवान्यातल्या सांडपाण्याच्या अटी, १ जानेवारी ते ३० जून या काळातले चाचणी अहवाल, त्याच काळातल्या तपासणीचे शेरे, असं. एका अर्जात एकच विषय ठेवा, म्हणजे एका मुद्द्यावर सगळा अर्ज अडकत नाही.

एस्कासूखाली माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही. उत्तराची कमाल मुदत ३० दिवस, अपवाद म्हणून आणखी १०. पण हे कामकाजाचे दिवस आहेत. म्हणजे पहिली मुदतच सहा आठवड्यांच्या घरात जाते. आपल्याकडच्या माहिती अधिकाराच्या सवयीने सरळ ३० दिवस मोजून अपील ठोकलं, तर ते मुदतीआधीचं ठरेल. नकार दिला तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो. कागदाचा काही भाग गोपनीय असेल, तर उरलेला भाग देणं बंधनकारक आहे. नेमका हाच मुद्दा अपिलात मांडायचा राहून जातो.

प्रश्न : एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला आमचे दोन गट पाणी तपासतात. आकडे जुळत नाहीत आणि अधिकारी म्हणतात, 'पोरांनी भरलेल्या बाटल्यांवर कसा विश्वास ठेवायचा?'

आधी घड्याळ बघा. विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी चढतो. एका गटाने सकाळी सहाला आणि दुसऱ्याने तीनला मोजलं, तर आकडे जुळणारच नाहीत. दिवस आणि वेळ एकच ठरवा. मीटरही रोज सकाळी प्रमाण द्रावणात, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे अशा द्रावणात, तपासा: पीएचसाठी (पाणी किती आम्लधर्मी ते) ४, ७ आणि १०, वाहकतेसाठी (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

नमुने किमान तीन जागचे हवेत: सांडपाण्याच्या तोंडाच्या वर, तोंडाशी आणि खाली पाणी पुरतं मिसळल्यावर. वरचा नमुना नसेल तर 'घाण वरूनच आली' म्हणायला समोरचा मोकळा. सांडपाणी बराच पल्ला एकाच काठाला चिकटून वाहतं. म्हणून डावा काठ, मधली धार आणि उजवा काठ इथे वाहकता मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले, की पाणी मिसळलं असं धरा.

खालच्या जागेपासून सुरुवात करून वर सरका, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. पाण्यात उतरल्यावर तोंड प्रवाहाकडे, बाटलीचं तोंडही तिकडेच, आणि ती पृष्ठभागाखाली २०-३० सेंटिमीटरवर भरा. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. जंतूंच्या चाचणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. तिच्यात वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा आणि ती बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. बीओडीची (सेंद्रिय घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात, त्या चाचणीची) बाटली याउलट काठोकाठ, बुडबुडा न राहू देता भरायची, अंधारात ४ अंशांच्या आसपास ठेवायची आणि शक्यतो २४ तासांत तपासायची. ती गाडीत तापली, तर जंतू वाटेतच सेंद्रिय घाण खाऊन टाकतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. फावतं ते प्रदूषण करणाऱ्याचं. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. आम्ल घातलेल्या बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या, मुलांच्या हाती आम्ल देऊ नका.

आता विश्वासाचं. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना आणि शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली सोबत ठेवा. कोऱ्या बाटलीत घाण निघाली, तर दोष तुमच्या हाताळणीत आहे. जागा, तारीख, वेळ आणि नाव बाटली भरण्याआधी लिहा, ओल्या कागदावर शाई पसरते. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वेळेसह दोघांच्या सह्या घ्या. मधल्या दोन तासांची नोंद नसेल, तर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. रंग बदलणाऱ्या पट्ट्या कुठे शोधायचं ते सांगतात, पुरावा म्हणून जोडू नयेत.

प्रश्न : पैसे तुटपुंजे आहेत. कोणत्या चाचण्या कराव्यात?

तापमान, पीएच, वाहकता आणि ऑक्सिजन जागेवरच मोजा. प्रयोगशाळेत कारखान्याच्या परवान्यात मर्यादा घातलेले एक-दोनच घटक पाठवा. परवान्यात नसलेल्या घटकाचा आकडा मोठा आला, तरी अटीचा भंग सिद्ध होत नाही.