बीएस-६ ट्रकचं कूलंट कमी होतंय, खाली थेंब नाही, वर नॉक्सचा (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा) फॉल्ट. सेन्सर बदलू का?

नाही. आधी कूलंट कुठे जातंय ते शोधा. आठवड्याला लिटरभर कूलंट जातं, सकाळी पांढरा धूर येतो आणि धामनोदकडून मानपूरचा घाट चढताना दिवा लागून गाडीचा दम जातो, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन आजार नाहीत, एकच आहे. माझा पहिला संशय ईजीआर कूलरवर, म्हणजे इंजिनात परत फिरवला जाणारा एक्झॉस्ट गॅस कूलंटने थंड करणाऱ्या भागावर.

कूलरची आतली नळी तडकली की कूलंट गॅसच्या वाटेने इंजिनात जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरकडे निघतं. नॉक्स सेन्सरचं सिरॅमिक चालू असताना सुमारे ८०० अंशांना तापलेलं असतं, त्यावर पाण्याचा थेंब पडला की तडकतं. नवा सेन्सर घातलात तर तोही जाईल. शिवाय बऱ्याच ट्रकमध्ये डीईएफचा (नॉक्स मारायला एक्झॉस्टमध्ये फवारतात त्या युरियाच्या पाण्याचा) इंजेक्टर कूलंटनेच थंड ठेवतात. लेव्हल उतरली की तो तापतो, तोंडाशी युरियाचे खडे धरतात, फवारा बिघडतो, आणि कोड पुन्हा नॉक्सचाच येतो.

इंजिन पूर्ण थंड असताना एक्स्पान्शन टाकीवर प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप मारा आणि वीस मिनिटं काटा बघा. काटा उतरला पण होज, रेडिएटर, वॉटर पंपाचं वीप होल (गळती दाखवणारं छोटं भोक) सगळं कोरडं, तर दाब तसाच ठेवून ईजीआर व्हॉल्व्ह खोला आणि बॅटरी मारून आत बघा. चांगल्या कूलरमध्ये कोरडी काळी काजळी असते. ओल, पांढरी किंवा कूलंटच्या रंगाची खपली, किंवा काजळी धुऊन उघडा पडलेला धातू दिसला, तर निकाल लागला. काही तडे मात्र गरम झाल्यावरच उघडतात. काटा हलला नाही म्हणून कूलरला क्लीन चिट देऊ नका. तो काढून, कूलंटची तोंडं बंद करून, गरम पाण्यात बुडवा, हवा भरा आणि बुडबुडे बघा.

डीईएफही तपासा. रिफ्रॅक्टोमीटरवर युरिया ३२.५ टक्के दिसला पाहिजे. पाणी मिसळलेलं असेल तर सगळी मेहनत वाया.

आता ट्रान्सपोर्ट नगरात हमखास मिळणारा सल्ला: 'ईजीआरला पत्रा मारून टाका.' हे साफ चूक आहे. पत्रा गॅस अडवतो. कूलरमधला तडा तसाच राहतो आणि कूलंट जात राहतं. बीएस-६चा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ईजीआरचा प्रवाह मोजतो, तो मिळाला नाही की ताकद कापतो. आणि धूर शेवटी आपल्याच गावच्या लोकांच्या छातीत जातो. पत्रा मारणाऱ्याला गॅरेजवाला म्हणायला मी तयार नाही.

कूलर फुटण्याचं मोठं कारण म्हणजे बोअरचं पाणी. त्याचा क्षार नळ्यांवर बसतो, तिथली उष्णता निघत नाही, धातू तडकतो. डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण, एवढंच घाला.

हो, एक राहिलं. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर कूलरआधी एअर कॉम्प्रेसर बघा. त्याचं हेड गॅस्केट गेलं की हवा कूलंटमध्ये शिरते. ब्रेकच्या हवेच्या टाकीतून रंगीत पाणी निघालं तर गळती तिथेच. आणि ऑइल दुधाळ दिसलं किंवा स्टार्टर मारताना इंजिन अडल्यासारखं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल.