थायलंडमध्ये सहकारी शिक्षक पाळत ठेवतात का?

पगार आणि व्हिसाचं पुढे सांगतेच, पण तू सगळ्यात शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेते. तू लिहिलंस, “ताई, ईसानमधल्या एका खाजगी शाळेचं ऑफर लेटर आलंय. पण तिथले सहकारी परदेशी शिक्षकांवर गुपचूप पाळत ठेवतात असं ऐकलं. खरं असेल तर सांगलीतली कायम नोकरी सोडून येऊ का?”

खरं आहे. माझ्यावर ठेवली होती, तीही सहा महिने, आणि मला पत्ता नव्हता.

मी 2018 च्या मे महिन्यात ईसानमध्ये आले. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. नावसुद्धा आपल्या ‘ईशान’ दिशेवरूनच आलंय. इथे शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’च. जूनमध्ये ‘वाय ख्रू’ असतो. त्या दिवशी मुलं गुडघ्यावर चालत येऊन शिक्षकांना फुलं देतात, आणि हा कार्यक्रम शक्यतो गुरुवारीच ठेवतात. पहिल्या वर्षी एका सहावीतल्या मुलीनं माझ्या हातात दूर्वा आणि वांग्याची फुलं खोचलेला द्रोण दिला तेव्हा मला रडू आवरलं नाही. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल हा देशच वाईट. तसं नाही.

माझ्या वर्गात एक थाई सहशिक्षिका असायची. प्राथमिकला बहुतेक ठिकाणी अशी पद्धत आहे: इंग्रजी परदेशी शिक्षक शिकवतो, आणि शिस्त, भाषांतर, पालकांशी बोलणं थाई शिक्षिका बघते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, मी तिला ‘फी’ म्हणायचे, म्हणजे ताईच. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. ती सोमताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करायची तेव्हा माझ्यासाठी माशाचा सॉस न घालता वेगळा वाटा काढून ठेवायची. तासाला ती मागच्या बाकावर बसून फोनवर काहीतरी करत असायची. मला वाटायचं, पालकांना मुलांचे फोटो पाठवत असेल. ते तर इथे रोजचंच असतं.

2020 मध्ये कोविडमुळे शाळा मेऐवजी 1 जुलैला उघडल्या. डिसेंबरमध्ये एका दुपारी आमच्या इयत्तेच्या लाइन ग्रुपवर (इथे व्हॉट्सॲप फारसं कोणी वापरत नाही, सगळं लाइन नावाच्या ॲपवर चालतं) माझा फोटो आला. मी खुर्चीत बसलेली, वर्गात गोंधळ. खाली थाईत ‘13:42, बसून आहे’ एवढंच. मिनिटभरात फोटो काढून टाकला गेला. पण तोवर मला थोडं थाई वाचता येत होतं, आणि पाठवणाऱ्याचं नाव मी पाहिलं होतं.

चुकून भलत्या ग्रुपवर पडला होता तो. खरा ग्रुप वेगळा होता.

मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला कँटीनमागे गाठलं आणि सरळ विचारलं. ती आधी हसली. इथे माणूस अवघडला की हसतो, त्याचा राग मानू नकोस. मग तिनं फोनच माझ्या हातात दिला. जुलैपासूनचा अख्खा अल्बम. मी सकाळी आठच्या झेंडावंदनाला दोन मिनिटं उशिरा आले, तो फोटो. पुस्तकाबाहेरचा खेळ घेतला, तो फोटो. रविवारी बाजारात पंजाबी ड्रेसवर भाजी घेत होते, तोही. माझ्या फेसबुकच्या एका पोस्टचं छायाचित्र. आणि ऑगस्टमधली एक नोंद, जी वाचून माझे हातपाय गार पडले: ‘मुलांनी आंदोलनाबद्दल विचारलं, टीचरनं विषय बदलला.’

ऑगस्ट 2020 म्हणजे कोणता काळ ते समजून घे. थायलंडभर शाळकरी मुलं झेंडावंदनाला तीन बोटं वर करून सरकारचा निषेध करत होती, पांढऱ्या फिती बांधत होती. राजघराण्याबद्दल उघड बोललं जाऊ लागलं होतं. इथे दंड संहितेचं कलम 112 आहे, राजाच्या अवमानाला 3 ते 15 वर्षं शिक्षा. मी त्या दिवशी मुलाला “चला, पान 24 काढा” म्हटलं होतं. दुसरं काही बोलले असते तर त्या नोंदीत काय लिहिलं गेलं असतं, हा विचार कितीतरी रात्री माझ्या डोक्यात होता.

तिला हे करायला विभागप्रमुखानं सांगितलं होतं. काही पालकांनी तक्रार केली होती, आणि ती माझ्या शिकवण्याबद्दल नव्हती. आम्ही इंग्रजी कार्यक्रमाची जादा फी भरतो, मग वर्गात फरांग का नाही, खाएक का, अशी ती होती. फरांग म्हणजे गोरा परदेशी. खाएक म्हणजे खरं तर पाहुणा, पण भारतीय, अरब, मुसलमान अशा सगळ्यांना तो शब्द लावतात. शाळेला मला काढायचं झालं तर कागदावर कारण हवं होतं. ते कारण माझ्या मैत्रिणीनं गोळा करायचं होतं. तिचा स्वतःचाही करार वर्षावर्षाचाच होता. ती म्हणाली, तिच्यावरसुद्धा कोणीतरी लिहीत असेल, कोण ते तिला माहीत नाही.

मी तिला तेव्हा माफ केलं नाही. आता केलंय, पण त्याला वेळ लागला. आजही मला वाटतं की तिनं निदान सणावाराला माझ्या घरी जेवायला यायचं नव्हतं.

हे असं का होतं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. इथे ‘क्रेंग जाय’ नावाची एक गोष्ट आहे. आपण म्हणतो ना, “त्यांना तोंडावर सांगायला भीड पडते”, तीच भीड, पण इथे ती सद्गुण मानली जाते. समोरच्याला अवघडवायचं नाही, त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. त्यामुळे तुझं काही चुकलं तर ते तुला कोणी सांगणार नाही, पण ते नाहीसंही होत नाही. वर जातं. आपल्याकडे मुख्याध्यापक ऑफिसात बोलावून झापतात, तास पाहायला येऊन मागे बसतात, शेरा लिहून सही घेतात. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. इथे आल्यावर कळलं की तो शेरा आपल्याला वाचायला मिळतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

कॅमेऱ्यांबद्दल तू विचारलंयस, ते वेगळं. सप्टेंबर 2020 मध्ये नोंथबुरीच्या एका खाजगी शाळेत शिक्षिका बालवर्गातल्या मुलांना मारताना, ढकलताना सीसीटीव्हीत दिसली आणि देश हादरला. आता तुझ्या वर्गात कॅमेरा असला, पालक तो बघत असले, तर मी म्हणेन असू दे. तीन वर्षांच्या बाळाला बोलता येत नाही, त्याच्यासाठी तो डोळा हवा. भिंतीवरचा कॅमेरा तुला दिसतो. तुझ्याबरोबर जेवणाऱ्या बाईच्या हातातला फोन दिसत नाही, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

माझं पुढे काय झालं? मी ना आरडाओरडा केला, ना फेसबुकवर लिहिलं, आणि तूही कधीही लिहू नकोस. इथे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. छापून किंवा इंटरनेटवर केली तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि 2 लाख बाटपर्यंत दंड. आपण लिहिलं ते खरं होतं, एवढ्यानं दर वेळी सुटका होत नाही. 2020 मध्येच इथे काम करणाऱ्या एका अमेरिकन माणसाला को चांग बेटावरच्या हॉटेलबद्दल वाईट अभिप्राय लिहिला म्हणून अटक झाली होती. मी विभागप्रमुखांकडे गेले, फोटोंचा विषयही काढला नाही, आणि म्हटलं, “माझ्या शिकवण्यात काय बदल हवा ते मला लेखी द्या, मी करीन.” त्यांनी चहा दिला, “माय पेन राय” म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. मार्चमध्ये कळलं, करार वाढवणार नाहीत.

त्या वर्षी सत्र एप्रिलपर्यंत लांबलं होतं. एप्रिल 2021 मध्ये भारतात काय चाललं होतं ते तुला आठवतच असेल. घरी आईला ऑक्सिजन लागलेला, आणि मी जाऊ शकत नाही. इथे नोकरी संपते त्या दिवशी तुझा व्हिसाही संपतो, हे नीट लक्षात ठेव. त्यानंतर राहिलीस तर रोज 500 बाट दंड, कमाल 20,000. त्या काळात कोविडसाठी 60 दिवसांची मुदतवाढ मिळत होती, म्हणून मी वाचले. आई बरी झाली. मला छाछेंगसाओ प्रांतात नोकरी मिळाली आणि मी अजून तिथेच आहे. इथे नदीकाठी 39 मीटर उंच उभा गणपती आहे, ब्राँझचा. आले त्या आठवड्यात मी त्याच्या पायाशी जाऊन बसले होते, तासभर.

आता तुझं.

टुरिस्ट म्हणून ये, नंतर बघू, असं एजंट म्हणाला असेल तर त्याला तिथेच सोड. बी वर्गाचा नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही लागतं. शिकवायचा परवाना खुरुसफा, म्हणजे शिक्षक परिषद, देते. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना दोन-दोन वर्षांची तात्पुरती सूट घ्यावी लागते. तुझं बी.एड. आहे, ते तुझं भांडवल, त्यामुळे मूळ कागद, गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं पडताळणी पत्र तिथूनच घेऊन ये. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसातून मिळतो. परराष्ट्र मंत्रालयाचा आणि थाई दूतावासाचा शिक्का निघण्याआधीच घे, इथून ते करायला फार त्रास होतो. इंग्रजी मातृभाषा नसल्यामुळे टोइकसारखी इंग्रजीची परीक्षा मागतील, साधारण 600 गुण. ती सोपी आहे.

पगारात फरक असणारच. मला पहिल्या शाळेत 20,000 बाट होते, त्याच स्टाफरूममधल्या ब्रिटिश मुलाला 38,000, आणि त्याच्याकडे शिकवण्याची पदवी नव्हती. हे मी गोड करून सांगणार नाही. पण ईसानमध्ये खोली 3,000 मध्ये मिळायची आणि घरी पैसे जायचे.

पाळतीचं म्हणशील तर ती चुकवता येत नाही, तयारी ठेवता येते. रोजच्या पाठाची टाचणं लिही आणि दर शुक्रवारी विभागप्रमुखाची सही घे, हसत हसत, जणू तुझी आपली एक सवय आहे. माझ्याकडे तशी चार वह्या टाचणं असती तर ‘13:42, बसून आहे’ याला उत्तर देता आलं असतं: मुलं जोडीनं वाचन करत होती, गोंधळ त्याचाच होता. पहिल्या महिन्यातच सहशिक्षिकेला एकटीला गाठून विचार, “फी, पालकांना माझं काय आवडत नाही?” चारचौघांत विचारलंस तर “सगळं छान आहे” एवढंच ऐकशील. फेसबुक बंद दाराआड ठेव, शाळेतल्या कोणालाही तिथे जोडू नकोस. राजा, राजकारण आणि कोणाचा पगार किती, यावर वर्गातही नाही आणि डब्यावरही नाही. बाहेर शिकवण्या घेऊ नकोस. आमच्याकडच्या एका फिलिपिनो शिक्षकाला शनिवारच्या शिकवणीच्या फोटोंवरून काढलं होतं, करारात मनाई होती. आणि थाई वाचायला शिक. बोलणं सगळेच शिकतात, वाचणं फार थोडे. व्यंजनं क, ख पासूनच सुरू होतात, आपल्याला ती लिपी इंग्रजांपेक्षा लवकर येते. मला वाचता आलं नसतं तर तो फोटो काय होता हे आजही कळलं नसतं.

कायद्यानं 1 जून 2022 पासून इथे वैयक्तिक माहितीचं संरक्षण आहे. त्यावर विसंबून शाळेशी भांडायला उभी राहू नकोस. परमिट त्यांच्या हातात असतं.

येऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: सांगलीतली नोकरी कायम असेल तर राजीनामा देऊ नकोस, बिनपगारी रजा मिळते का बघ. नाहीच मिळाली तर निदान परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे वेगळे ठेवून ये, आणि ते पैसे आहेत हे घरीसुद्धा कोणाला सांगू नकोस. आईला ऑक्सिजन लागला तेव्हा माझ्याकडे ते नव्हते.

ऑफर लेटरचा थाई आणि इंग्रजी मजकूर दोन्ही मला पाठव. दोन्हींत फरक असू शकतो, आणि तेव्हा सहसा थाईत लिहिलेलंच धरतात. सूचनेचा कालावधी, उन्हाळी सुट्टीचा पगार आणि बाहेर काम करण्याबद्दलचं कलम, ही तीन वाक्यं मी वाचून सांगते. तोवर एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस.