काकी बोलत नाही

पत्र, थोडक्यात: "मी डिचोलीची. 7 वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात माझे सख्खे काका माझ्याच युनिटमध्ये व्हेंटिलेटरवर होते. तिसऱ्या दिवशीच मला कळून चुकलं होतं. काकी रोज दारात विचारायची, 'बरे होतील ना गो?' मी म्हणायचे, 'होतील.' नवव्या दिवशी ते गेले. चुलतभाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, तो पोचला थेट दिवसकार्याला. 'तुला ठाऊक होतं, मग त्याला का नाही बोलावलंस?' म्हणत काकीने बोलणं टाकलंय. घरी डोळे मिटले तरी मॉनिटर वाजतो."

बाय,

युरिन बॅगेत तासाला 30 मिलीही जमत नाही, रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा पंप दर ड्युटीला वाढतोय. तुला कळलं ते असंच काहीतरी बघून ना? ते आकडे चार्टवर लिहायचे आणि मग दार उघडून काकीसमोर उभं राहायचं. नऊ दिवस कसे काढलेस गो!

माणूस वाचणार नाही, हे सांगणं डॉक्टरांचं काम. ते तू बोलली नाहीस, यात काही चुकलं नाही. पण 'होतील' म्हणायला नको होतंस. 'काकी, आज डॉक्टरांना भेटूया, मी येते सोबत. आणि दादाला कळवूया,' एवढं म्हणता आलं असतं. बोटीवरचा माणूस मनात आलं म्हणून निघू शकत नाही. बंदर लागावं लागतं, त्याच्या जागी दुसरा यावा लागतो. काकीचा राग त्या वाया गेलेल्या दिवसांचा आहे आणि तो खरा आहे. तिच्याशी वाद घालू नकोस. सरळ सांग, 'मला कळलं होतं. तुझ्यासमोर बोलायचा धीर झाला नाही.'

मग तिला आतलं सांग. दर दोन तासांनी काकांना कुशीवर कसं वळवायचात, तोंड आतून कसं पुसायचात, नळीने कफ ओढायच्या, सक्शनच्या आधी 'काका, जरा त्रास होईल हां' म्हणत होतीस का, ते सगळं. माझे वडील आयसीयूत गेले, तेव्हा तिथली सिस्टर बाहेर येऊन म्हणाली होती, 'पहाटे मी त्यांचे केस विंचरले.' डॉक्टर काय म्हणाले ते आज आठवत नाही, पण ते विंचरलेले केस आठवतात. काकी नऊ दिवस दाराबाहेर बसून होती. आत काय झालं असेल, याची चित्रं ती अजून रात्री रंगवत असणार.

मॉनिटरचं दुखणं अंगावर काढू नकोस. इन-चार्ज सिस्टरना सांगून थोडे दिवस नाइट ड्युटी टाळ. तरीही झोप लागली नाही, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आणि पुढे घरचं कुणी ॲडमिट झालं, तर त्या बेडची ड्युटी दुसरीला द्यायला सांग.

चुलतभाऊ अजून घरी असेल, तर तो बोटीवर परतायच्या आत जा. त्यालाही ऐकायचं असेल.