डॉक्टर, मी अस्वच्छ आहे का?

प्रश्न : वय ४१. सायनससाठी अँटिबायोटिक घेतलं आणि खाली प्रचंड खाज, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं सुरू झालं. वर्षातली ही तिसरी खेप. सासूबाई म्हणतात, स्वच्छता पाळत नाहीस.

उत्तर : सासूबाईंचं मनावर घेऊ नका. चारातल्या तिघी बायकांना आयुष्यात एकदा तरी हा बुरशीचा त्रास होतो. अँटिबायोटिकने योनीतले राखणदार जिवाणूही मरतात आणि कॅन्डिडा ही बुरशी फोफावते. गरोदरपणातही हे वाढतं. पण वर्षात तिसऱ्यांदा म्हटल्यावर मला साखरेची शंका येते. उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), दोन्ही करून घ्या. स्रावही तपासायला द्या, कारण प्रत्येक खाज बुरशीचीच नसते. सुगंधी वॉश तर आजच फेका! मेडिकलवाला देतो ते गजकर्णाचं मलम तिथे लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं.