कंपनीतून थेट राजदूत होता येतं का?

प्रश्न : मी 34 वर्षांचा आहे. बुटीबोरीतल्या एका कापड कंपनीत निर्यातीचं काम पाहतो. परराष्ट्र सेवेत जायची फार इच्छा होती, पण घरची परिस्थिती पाहून नोकरी धरली आणि यूपीएससीचं वय निघून गेलं. अमेरिका उद्योजकांना राजदूत नेमते असं वाचलं. आपल्याकडे असं कधी झालंय का? बाबा म्हणतात, "काहीतरीच बोलतो तू."
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : झालंय. क्वचित, पण झालंय.

आपले बहुतेक राजदूत परराष्ट्र सेवेतूनच येतात. मात्र एखाद्या पदावर बाहेरचा माणूस नेमायचा अधिकार सरकारकडे असतो. नानी पालखीवालांची आठवण अनेकांना असेल. नामवंत कायदेपंडित, टाटा समूहातले वरिष्ठ, आणि 1977 ते 79 अमेरिकेतले आपले राजदूत. पण तुमचं पत्र वाचून मला आधी आठवले ते गगनविहारी मेहता, कारण त्यांची आणि तुमची वाट एकच, मालवाहतुकीची.

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी 1919 साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. मेहतांचे वडील लल्लूभाई सामळदास त्यांच्यातलेच एक. समोर होत्या बलाढ्य इंग्रज जहाज कंपन्या. त्यांनी भाडं इतकं पाडलं की 1923 च्या करारात सिंदियाला परदेशी वाहतूक सोडून किनाऱ्यापुरतं राहणं कबूल करावं लागलं. मेहतांची उमेदीची वर्षं याच कंपनीत, कलकत्त्याचं ऑफिस सांभाळण्यात गेली. पुढे ते फिक्की या देशातल्या व्यापारी-उद्योजकांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले, मग नियोजन आयोगावर गेले आणि 1952 मध्ये राजदूत म्हणून वॉशिंग्टनला. जन्म 1900 चा, म्हणजे तेव्हा वय 52. तुमच्या हाती अजून 18 वर्षं आहेत.

ही वर्षं वाया जात नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. मीही 29 वर्षं निर्यातीच्या कागदांत काढली. एका मे महिन्यात अजनीच्या कंटेनर डेपोत उभा होतो. सील लावलेले दोन कंटेनर समोर, पत्रा असा तापलेला की हात लावता येत नव्हता. जहाज कंपनीचा एजंट म्हणाला, "जागा नाही, पुढच्या जहाजाने." पुढचं जहाज म्हणजे आमच्या एलसीची, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीची, तारीख गेली, पैसे अडकले. चूक त्यांची, पण जहाजही त्यांचंच. साहेब फोनवर ओरडत होते. मी एजंटजवळ बसून एवढंच मागितलं, "माल वेळेत आला होता, जागा तुमच्याकडे नव्हती, असं लेटरहेडवर लिहून द्या." दिलं त्याने, कारण त्यात त्याच्या खिशातून काही जात नव्हतं. त्या पत्रावर ग्राहकाने तारीख वाढवून दिली. समोरच्याला काय देणं परवडतं ते ओळखायचं आणि नेमकं तेच मागायचं. मेहतांचं वॉशिंग्टनमधलं काम मला याच जातीचं वाटतं, फक्त तिथे पणाला देश होता.

आणि तो काळ सोपा नव्हता. 1954 मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी करार केला. 1955 च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर रेस्तराँमध्ये बसलेल्या मेहतांना, भारताच्या राजदूताला, रंगावरून वेगळ्या खोलीत जायला सांगितलं गेलं. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली. हे वाचताना आजही माझा जीव तुटतो. अपमान गिळून माणूस पुन्हा त्याच देशाशी बोलायला बसतो, कारण मागे घरी धान्य हवं असतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1956 मध्ये, पीएल-480 या अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखालचा गव्हाचा पहिला करार झाला. सही दिल्लीत झाली, पण वॉशिंग्टनमध्ये आपली बाजू मांडायला मेहताच होते. 1958 ला परतल्यावर ते आयसीआयसीआयचे अध्यक्ष झाले.

अमेरिकेबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, तिथे ही जुनी रीत आहे. 1957 ते 61 दिल्लीत असलेले एल्सवर्थ बंकर हे साखर कारखानदार. त्याआधी 1951 मध्ये आलेले चेस्टर बोल्स जाहिरात कंपनीचे संस्थापक. पण तिथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे ना अर्ज, ना परीक्षा. त्यामुळे "मला राजदूत व्हायचंय" म्हणून कुठे फॉर्म भरता येणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

करता येण्यासारखं आहे ते असं. सिव्हिल लाइन्सला विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनमध्ये जा, निर्यातीच्या कामात पडा. मेहताही व्यापाऱ्यांच्या संघटनेतूनच वर आले. ज्या देशाला तुमचं कापड जातं, तिथली भाषा शिका, नीट शिका. दुसरी एक वाट फार कुणाला ठाऊक नसते, मानद वाणिज्यदूताची. अनेक देश आपल्या व्यापाराचं आणि नागरिकांच्या मदतीचं काम दुसऱ्या देशातल्याच एखाद्या व्यावसायिकाला देतात. पगार नसतो, नोकरी-धंदा सांभाळूनच करायचं असतं.

आणि बाबांवर रागावू नका. त्यांच्या पिढीला नागपुरातून दिल्लीसुद्धा लांब वाटायची. गगनविहारी मेहतांची गोष्ट जेवताना त्यांना सांगा. मग ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.